आचारसंहितेतली झोप

यंदा पहिल्यांदाच ह्यांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागली.
बँकेच्या गेटवर होते तोवर सूट मिळायची;
आता कळमन्याच्या गोडाऊनवर रात्रपाळी, तिथे काठी पुरते.
खाकी कव्हरातली बारा बोअर खांद्याला लावून
हुडकेश्वर ठाण्यात गेले, पावती घेऊन आले.
पावती मी देवाच्या फोटोमागे खोचली,
लाइट बिलाच्या पुढ्यात.

त्या रात्री मला झोप लागली.
एप्रिल महिना, कूलरची मोटर धापा टाकतेय,
वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठाक,
पाणी भरायला कोणी उठलंच नाही.
सकाळी सातला घामाने जागी झाले
तेव्हा कळलं,
प्रज्वल रांगायला लागला तेव्हापासून
मी एकाच कुशीवर झोपते,
कपाटाकडे तोंड करून.

ह्यांना विचारा, म्हणतात, रिकामी असते.
फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस,
काडतुसं वेगळी ठेवतो,
चिंधीत, तांदळाच्या डब्यामागे.
रिकामी.
रिकामं सिलिंडरसुद्धा मी अंगणात नेऊन ठेवते.
आटलेल्या विहिरीवरही लोक जाळी टाकतात.
हे मी मनात बोलते.
मोठ्याने म्हणते, भाजी वाढू का?

मागच्या तान्ह्या पोळ्याला
प्रज्वलच्या लाकडी बैलाला झूल पाहिजे होती.
ब्लाउजपीसांचं गाठोडं कपाटावर,
कपाटाशी स्टूल.
मी पिकोची साडी देऊन परत आले
तेव्हा तो गादीवर बसला होता,
एक डोळा मिटून, एक डोळा नळीला लावून.
"आई, याच्यात काहीच दिसत नाही गं.
जत्रेतल्या नळीत तर रंग दिसतात."

मी ओरडले नाही.
म्हटलं, ठेव बाळा, हळूच, गादीवरच.
मग बैलाकडे पाहिलं.
पाठीवर दोऱ्याने बांधलेलं,
लाल प्लॅस्टिकचं, पितळी बुडाचं.
"तो त्याचा जेवणाचा डबा आहे," म्हणाला.

ह्यांना सांगितलं नाही.
का नाही, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मार्चमध्ये निनावे बाई फाटकाशी आल्या,
हर्षलचं मनगट घट्ट धरून.
"राग नका मानू बाई. पोट्टं आमचं कुठंही हात घालते.
बंदूक कुलपात असते नं?"
राग आला. आलाच.
जसं काही घरात शिरून तिने माझे डबे हुंगले.
"असते की," म्हटलं.
पोरं आत पळाली. मी मशीनवर बसले,
आणि ते दोन शब्द सुईखालून
पुढे सरकेचनात.

निकाल लागायच्या आत इतवारीत गेले, लोहाओळीत.
"दागिन्यांसाठी पाहिजे, ताई?"
मी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली.
तो काही बोलला नाही, आत जाऊन टेप घेऊन आला.
तीन महिन्यांच्या फॉल-पिकोचे पैसे,
भिंतीत चार बोल्ट,
काडतुसांना वेगळा डबा, वेगळं कुलूप.
दोन्ही किल्ल्या मोठ्या माणसांच्या अंगावर राहतील,
खिळ्यावर नाही.

हे बंदूक सोडवून आले. पेटी पाहिली.
"माझ्यावर भरोसा नाही?"
"तुमच्यावर आहे. स्टुलावर नाही."
आणि मग बैलाच्या डब्याचं सांगितलं.

ते उठले, चिंधी सोडली,
काडतुसं मोजली.
पुन्हा मोजली.
दोन दिवस घरात शब्द नाही.

तिसऱ्या पहाटे गोडाऊनवरून आले,
चपला दाराशी काढल्या.
मी डोळे मिटूनच होते.
दिवा न लावता पेटीपाशी थांबले.
कुलूप ओढून पाहिलं.
जरा वेळाने, पुन्हा एकदा.

मी कूस बदलली.