पोवळीची कास

काळ्या ताटलीत चार धारा.
तीन सडांचं दूध दूधच राहिलं,
चौथ्याचं, धामापूरकर डॉक्टरांच्या जांभळ्या औषधात,
ताडगोळ्यासारखं थरथरलं.

"कासदाह. हे दूध ओतून टाका. गोठ्यात नको, लांब."

मी फरशीला बोल लावला,
चिऱ्याच्या भोकांत मुरलेल्या मुताला,
दमट पेंढ्याला,
आचऱ्याच्या बाजारातून आणलेल्या नव्या पाडीला.
ते काही बोलले नाहीत.
माझा हात उलटा करून पाहिला.

अंगठ्यावर कालवं फोडताना लागलेलं,
आठ दिवसांचं, कडेला पिवळं.
ह्याच हाताने
आधी पोवळीची धार काढली,
मग तिच्या लेकीची.

आता गोठाभर शिंपल्यांचा चुना.
मला पाहून पोवळी अजून पान्हा सोडते.
मी दारातच,
हात पदराखाली.