वायर

निलव्वा ऐवळे गेली, असं फोनवर सांगितलं
आणि त्याच फोनवर दर विचारला:
दोन भोंगे, चार बॉक्स, एक कॉर्डलेस,
श्रद्धांजली सभा, हायस्कूलचं मैदान, निपाणी.
म्हटलं, हिच्या कार्यक्रमाचे पैसे घेत नाही.
का हो, म्हणाले.
मी नुसतंच हूं केलं.

तिची जट मी बघितलेली.
अकरा वर्षांची असेल. कमरेपर्यंत दोरखंड,
हळदीनं, तेलानं, उवांनी जड.
लोक वाकून नमस्कार करायचे, जटेला.
सौंदत्तीला न्यायची तारीख ठरली त्या रात्री
तिनं विडीचं पान कापायची कात्री घेतली
आणि सकाळी नळावर आली ती बोडकी.
बायका घागरी टाकून पळाल्या.
आता गाव बुडतंय, म्हणाले.
त्या वर्षी तंबाखूला दर बरा लागला.

केस तिनं पुन्हा वाढूच दिले नाहीत.
हुबळीच्या कॅसेटवाल्यानं कव्हरसाठी टोप आणला,
तो तिनं दारातल्या बोकडाला घातला
आणि म्हणाली, काढ फोटो.

गाणी विडी वळता वळता रचायची,
हजाराचा आकडा आणि कडवं एकदमच पुरं.
मराठी, कन्नड, हाताला जो शब्द लागेल तो.
एका नोव्हेंबरात दोन्हीकडची माणसं दारात:
एकांना निषेधाला गाणं हवं, दुसऱ्यांना उत्सवाला,
आणि दोघांनाही अर्धीच निलव्वा.
ती म्हणाली, आधी माझा खोकला ऐका
आणि सांगा, हा कुणाच्या भाषेतला.

मग तो सत्कार. अध्यक्ष वखारीचे मालक.
शाल, नारळ, आणि आता एक देवीचं होऊन जाऊ दे.
तिनं शालीची घडी घातली, नारळाखाली ठेवली
आणि पोरींची नावं घ्यायला लागली. चालीत.
कुठली पोर, कुठल्या पुनवेला सोडली,
कुणाच्या घरी ठेवली, कुणाच्या खर्चानं.
सहाव्या नावाला अध्यक्षांनी पाणी मागितलं.
सातव्याला त्यांच्या भाच्यानं माझ्याकडं बघून
दोन बोटांची कात्री केली.

भोंग्याचे हप्ते होते. बायको बाळंत होती.
ही कारणं मी तेव्हा शोधली नव्हती, नंतर शोधली.
तेव्हा नुसती वायर ओढली.

लोक सांगतात, आवाज लहान झाला तशा
खुर्च्या सोडून माणसं पुढं सरकली,
शेंगदाणे फोडायचं थांबलं.
लोक सांगतात, अकरावं नाव तिचं स्वतःचं होतं.
मी स्टेजच्या मागं, अॅम्प्लिफायरजवळ,
जळालेला फ्यूज शोधत असल्यासारखा.

त्यानंतर कुणी बोलावलं नाही तिला.
कॅसेटी दुकानातून गेल्या, पत्र्यावर दगड आले.
डोकं फिरलंय, म्हणायचे.
ती म्हणायची, बोडकं आहे, फिरताना दिसतं तरी.
परत सूप मांडीवर घेतलं, पान, जर्दा, दोरा.
चिकोडीच्या गाडीची वाट बघताना एकदा भेटली,
शेजारी बसली, एक विडी मला दिली, एक तिनं ओढली.
गाडी लागली तेव्हा उठता उठता विचारलं:
दादा, वायर आखूड होती काय रे तुझी?

आज बॅनरवर तिला केस लावलेत. डोक्यावर पदर.
खाली दोन भाषांत एकच खोटं,
आणि अध्यक्ष म्हणून तोच भाचा, आता चष्म्यात.
चारला सभा. मी अडीचलाच आलो.
कॉर्डलेस हातात घेतला. ओढायला काही नाही याला.
टेस्टिंगला एक दोन तीन म्हणतात.
मी म्हटलं: यमनव्वा, गळतग्याची.
म्हटलं: सुवर्णा. म्हटलं: तंगेव्वा आणि तिची बहीण.
सातपर्यंत गेलो.
तिथून पुढं मला येत नाही,
तिथून पुढं मी ऐकलंच नव्हतं.

मैदानात खुर्च्या मांडणारी एक बाई
खुर्चीवरची धूळ पुसत, वर न बघता,
म्हणाली:
काशव्वा. अक्कोळची.