भार कुठल्या पायावर

माणसं मी चेहऱ्यानं ओळखत नाही.
मिरज स्टँडवर कंडक्टर हाक मारतो, "ओ मुजावर सर!"
मी आधी त्याच्या डाव्या घोट्याकडं बघतो,
मग नाव आठवतं.
बाहेरचा लिगामेंट. इस्लामपूरचं मैदान. दोन हजार नऊ.
हळदीच्या पेठेतला हमाल म्हणजे निखळलेला खांदा,
तहसीलमधली क्लार्क म्हणजे मांडीमागची शीर.
सव्वीस वर्षांत अर्धा तालुका या बोटांखालून गेला,
हसत असा कुणीच नाही.

बाप बेडगचा हाडवैद्य.
त्याच्याकडं बांबूच्या कामट्या, अंड्याचा बलक, मेथीचं पीठ
आणि एक युक्ती.
"यंदा ऊस कधी घालवलासा?" विचारायचा,
माणूस उत्तर जुळवेपर्यंत
हाड जुळवून मोकळा.
मी पुण्याला जाऊन कोर्स केला, सर्टिफिकेट भिंतीला लावलं,
पण युक्ती बापाचीच चालते.
पोरींना विचारतो, "गणितात किती पडले?"

खो-खोची टीम. पगार वेळेवर नाही, बर्फ तर नाहीच.
बर्फ रसवंतीतनं मागून आणतो,
त्याला आल्याचा वास असतो,
सुजेला त्याचं काही नसतं.
मोठ्या सामन्याला टेपची नवी गुंडाळी,
सरावाला कुणाच्यातरी आईच्या साडीची पट्टी.
शिल्ड धरलेल्या पोरींच्या फोटोत
कडेला एक निळी बादली दिसते ना,
ती माझी.

पद्मजा मगदूमचं सांगायचं टाळत होतो.

दुधगावची. खांबावर झेपावली
की खांबच दचकायचा.
फायनल. मध्यंतर. तिचा उजवा गुडघा माझ्यासमोर.
नडगी हलकेच पुढं ओढली.
जिथं थांबायला हवी होती तिथं
थांबेना.
कडी निसटलेलं दार जसं हाताला लागतं, तसं.
"गणितात किती पडले गं?"
"सर, तसलं काही विचारू नका," म्हणाली. "बांधा."
कोच घड्याळ बघत होते. ती मैदान बघत होती.
माझ्या तोंडात दोन अक्षरांचा शब्द होता,
आणि त्या मैदानावर
एकाच अक्षराचा शब्द चालतो.

मी नवी गुंडाळी उघडली.
इतकी सुबक पट्टी आयुष्यात बांधली नव्हती.

शेवटचे दोन गडी तिनंच टिपले. दुसऱ्याला खांबावर.
शिल्ड आली, गुलाल आला, फोटो निघाला, बादली आली.
मग मिरजेतलं ऑपरेशन, मग काठी, मग नुसतं चालणं.
पोलीस भरतीला आठशे मीटर धावावं लागतं.
ती पतसंस्थेत लागली, काउंटरला,
बसून करायचं काम.

मला ती कधी काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
तिनं पत्रिका पाठवली, वर पेनानं लिहून,
"सर, सहकुटुंब."

कर्नाळ रोडचं कार्यालय. तिसऱ्या रांगेत मी,
मुठीत उरलेल्या अक्षता घामेजलेल्या.
उपाध्ये सात पावलांचे मंत्र म्हणत होते,
लोकांचे कान भांड्यांच्या आवाजाकडं,
आणि मी, अल्ला माफ करो, नवरीची चाल तपासत होतो.
तांदळाचा पहिला ढीग, उजवं पाऊल, ठीक.
दुसरा ठीक.
तिसऱ्याला ओठ किंचित आत.
चौथ्याला भार डावीकडं चोरला,
नवऱ्याचं बोट घट्ट झालं.
कुणाला दिसलं नाही. शालू पुष्कळ झाकतो.

आहेराचं पाकीट द्यायला वर गेलो.
माझ्याकडं न बघता,
कॅमेऱ्याकडं हसत पुटपुटली,
"चौथा ना, सर?"

"चौथाच."

"मलाबी वाटलंच."

फोटोग्राफर ओरडला, काका, तुम्ही आत सरका.
मी सरकलो.
हात कुठं ठेवायचे
ते मात्र कळेना.