डावी कूस

थर्मोकोलवर आलेखाचा कागद, त्यावर मासा.
डावी कूस वर, तोंड खिडकीकडे.
बोटभर खवली.
दहा ठिकाणी दहा टाचण्या:
नाकाडाचं टोक, कवटी संपते ती जागा,
पाठीवरचा पर उगवतो तिथं, मावळतो तिथं,
पोटाचा पर, त्यामागचा पर, शेपटीचं बुड.
मग मासा अलगद उचलून घ्यायचा.
कागदावर भोकं उरतात
आणि भोकाभोकांतली अंतरं.
एकवीस अंतरं म्हणजे एक मासा.

हे धुळ्यात, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
जिथं डब्यातल्या कळण्याच्या भाकरीलाही
फॉर्मॅलिनचा वास लागतो.

झिपरू वाडिले न्याहळोदहून येतो,
बरणी टेबलावर ठेवतो.
"तीस शेत. मोजी ल्या, ताई."
मी मोजते. तो मोजण्याकडे बघत बसतो,
चिमट्याच्या आकड्यांची पाटी चमकते तिकडे.
स्वतः तो मुठीत धरून ओळखतो, डोळे मिटून.
"हाई तापीनी. हाई पांझरानी."
कसं?
"पांझरानी हातमा थांबस नही."
माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नाही.

रकाने आहेत ते असे:
आधी थोरली-धाकटी हा भेद काढून टाकायचा,
पोट भरलेली की उपाशी, तेही वजा करायचं.
मग जे उरतं त्याला आकार म्हणायचं.
फडाच्या दगडी बंधाऱ्यांवरून धावणाऱ्या पाण्यात
शेपटीचं बुड बारीक होत गेलेलं,
खाली संगमापलीकडे, साठलेल्या पाण्यात
पाठ उंचावलेली, मिलिमीटरभर, दीड.
जात एकच. कूस वेगळी.

चैत्रात पडद्यावर ठिपके उमटले.
तापीचे उजवीकडे, पांझरेचे डावीकडे,
मधे कोरडी वाळू.
आणि पाच ठिपके
पांझरेचं नाव लावून तापीत बसलेले.

चिमट्याचा सेल बदलला.
तेच पाच पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले.
हात माझाच चुकतो का ते तपासलं,
चुकत होता, पण इतका नाही.
शेवटी झिपरूला विचारलं.
त्यानं चहाच्या ग्लासात पाहिलं,
साय बोटानं बाजूला केली.

"त्या रोज जाळामा सव्वीसच उनात.
तुम्ही तीस सांगेल व्हतं.
चार मुडावदन्या. साडूना टोपलामातल्या."
आणि चिमट्याकडे बोट करून,
"हाऊ भलता चहाडखोर शे."

मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून
वनस्पतीशास्त्राचे सर डोकावून गेले.
मग चारही ओळींवर रेघ मारली.
तीसचे सव्वीस झाले, पैसे मात्र तीसचे दिलेले होते,
तो म्हणाला, वळता करा. मी म्हटलं, राहू द्या.

पण पाचवी?
सतरा नंबरची?
तो शपथेवर आला. "पुलखाले मी सोता धरेल शे."
बरणीतून काढून त्यानं ती मुठीत घेतली,
डोळे मिटले, बराच वेळ.
ताठलेला मासा हाताला काही सांगत नाही.
पाणी टिपत राहिलं फरशीवर.

कुठल्या पुरात कुणी बंधारे चढून आलं असेल,
कुणाच्या कुशीतून कुणाच्या कुशीत,
की सगळ्या पांझरेत ही एकटीच अशी, रुंद, संथ,
की त्या दुपारी माझीच टाचणी केसभर सरकली?
कागद खिडकीला लावून पाहिला.
दहा भोकांतून देवपूरचं ऊन आत आलं.

रेघ मारलेली नाही.
नदी: पांझरा. नंबर: सतरा.
येत्या गुरुवारी पहाटे झिपरूबरोबर
वरच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं आहे,
जाळं वर येताना मी काठावर असेन.
रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं, ते अजून ठरलेलं नाही.