थंड पाणी

दुपारी लाईट गेली, डाय हाऊसचे हौद गप्प झाले,
म्हणून त्या दिवशी मी लवकर घरी.
विजया विड्या द्यायला कारखान्यात गेलेली,
आठशे विड्या, त्यातल्या छाटात किती जातील कोण जाणे.
बाथरूमचं दार आतून बंद.
आत नळ नुसता वाहत होता,
आणि आमच्या गल्लीत पाणी येतं चार दिवसांनी.

मी ओरडलोच. हारिका, पाणी!
नळ बंद झाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "नान्ना, अम्मा कधी येईल?"

आवाजावरूनच कळलं असं सांगायला आवडलं असतं.
नाही कळलं.
वाटलं, कबड्डीत पडली,
वाटलं, बाई काही बोलल्या,
सगळं वाटून झाल्यावर जे उरलं
ते होतं.

दाराच्या या बाजूला मी,
वीस वर्षं टॉवेलांना लाल चढवणारा माणूस,
नखांच्या कडांना अजून मागच्या लॉटचा मरून,
आणि तोंडात शब्द नाही.
तेलुगूत नाही, मराठीत नाही.

मग जे येत होतं तेच बोललो.
गरम पाणी घेऊ नको, गं.
गरमनं डाग बसतो, पक्का होतो.
थंड घे. आधी नुसतं भिजत ठेव.
चिमूटभर मीठ टाक. लगेच चोळत बसू नको.
(आम्ही मीठ टाकतो रंग धरावा म्हणून,
इथे सुटावा म्हणून. हे मनात.)

"तुला कसं माहीत?"
धंदा आहे माझा.
ती हसली असेल, किंवा नाक ओढलं असेल.
बंद दारातून दोन्ही सारखंच ऐकू येतं.

अशोक चौकातल्या मेडिकलात पोरगा म्हणाला, कुठलं देऊ?
सूत विचार, काउंट विचार, जीएसएम विचार,
हे मला कुठून ठाऊक?
मागे उभ्या बाई पुढे झाल्या, म्हणाल्या, पोरीसाठी ना? पहिलंच?
ते निळं दे त्यांना.
पोरग्यानं पेपरात गुंडाळलं,
पेपर काळ्या पिशवीत, पिशवीला गाठ.
घेतली मी. खोटं कशाला सांगू,
शर्टाखाली धरूनच आलो, एप्रिलच्या उन्हात.
पुढच्या महिन्यात मात्र भाजीच्या पिशवीत आणली,
वांग्यांवर, उघडी.

विजया आली. मला बाहेर घालवलं.
मी ओट्यावर बसून
आतलं कुजबुजणं ऐकू येणार नाही एवढ्या मोठ्यानं
शेजाऱ्याशी पाण्याच्या टँकरवर बोलत राहिलो.
रात्री ती म्हणाली,
मला मागाच्या मागच्या कोपऱ्यात बसवलं होतं,
पाच दिवस, वेगळं ताट,
आणि का ते सांगितलं सहाव्या दिवशी.
तेरा वर्षं संसार झाला, हे मला पहिल्यांदा कळलं.

मोठ्या अक्काचा फोन.
मांडव घाल, साड्या आण, नातेवाईक बोलव,
चौकात पोरीच्या फोटोचा बॅनर लाव, आपल्यात करतात.
विजयानं फोन कानापासून लांब धरला
आणि पोरीला विचारलं.
पोरीनं विचार करून सांगितलं,
गोड चालेल. बॅनर नको.
अक्का अजून माझ्याशी धड बोलत नाही.
खीर केली, तिनं दोन वाट्या खाल्ली,
मग पोट दुखतं म्हणून आडवी झाली.
गरम पाण्याची पिशवी मी भरून दिली.
"गरम?" ती म्हणाली.
पोटाला गरम. कपड्याला थंड. नीट ऐकत जा.

सकाळी गच्चीवर दोरी.
विजयाचं काय ते इतकी वर्षं टॉवेलाखाली वाळतं,
मी बघूनही न बघितलेलं.
हारिकानं तिची चड्डी माझ्या दोन शर्टांच्या मध्ये घातली होती,
भर उन्हात, सगळ्या गल्लीसमोर.
विजया वर आली, थांबली.
वाटलं आता सरकवणार.
तिनं चिमटा जरा नीट बसवला, वाऱ्यासाठी,
आणि बादली उचलून खाली गेली.