नेत्र शिबिरातला डोळा

जालन्यात नव्या मोंढ्याच्या कोपऱ्यावर
गुणवंतशेठच्या वाढदिवसाचा तीस बाय वीसचा फ्लेक्स लागला
आणि तिसऱ्या दिवशी खिल्लारे सरांना त्यात डोळा दिसला.

रिटायर भूगोलाचे सर. चष्मा कपाळावर ढकलून
चहाच्या कपानंच दाखवत म्हणाले,
'अंगठी बघा. अंगठीत त्रिकोण. त्रिकोणात डोळा.
आन् ही दोन बोटं मुडपलेली, ती काय उगं?'

कंपाउंडर म्हणाला, बंगल्याच्या फाटकावर घुबड बसवलंय.
हमीद म्हणाला, गाडीचा नंबर उलटा वाचा.
आम्ही वाचला.
पंचेचाळीस चोपन्न. उलटाही तोच आला.
मग तर कोणालाच शंका उरली नाही.

अमावास्येला म्हणे बैठक असते
काळ्यापांढऱ्या फरशीवर.
दिल्लीचा एक, दुबईचा एक, एक आपल्या अंबडचा.
भंगाराचा भाव तिथं ठरतो.
पाऊससुद्धा, कंपाउंडर म्हणाला,
पण ते सरांनाही जरा जास्तच वाटलं.
'जालना सोन्याचा पालना म्हणता ना,' सर म्हणाले,
'मंग दोरी कोनाच्या हातात, ते बघा आधी.'

मी भजं मोडत गप्प बसलो.
फ्लेक्स माझ्याच दुकानातला.
फोटोत अंगठीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता,
रात्रीचे दोन वाजलेले, न्यायला आलेलं पोरगं
बाहेर मोटारसायकलवर पेंगत होतं.
जुन्या फोल्डरात, विज्ञान प्रदर्शनाचा, एक त्रिकोण सापडला.
डोळा मोफत नेत्र शिबिराच्या पत्रकातला.
चिकटवले. डाग झाकला.

बोटं मात्र मुडपलेली नाहीत.
नाहीतच ती.
रोलिंग मिलनं घेतली, शेठ तेव्हा शेठ नव्हता,
आणि पट्टी बांधलेल्या हातानं पेढे द्यायला
तो पहिल्यांदा खिल्लारे सरांच्याच घरी गेला होता.
सर विसरले असतील.

आठवड्यानं शेठचा माणूस आला.
मी शटर अर्धं ओढूनच बोललो.
तो म्हणाला, 'डोळा कोनी टाकला?'
मग म्हणाला, 'शेठला आवडला. फाटकासाठी पितळी करायचाय,
डिझाईन दे.'

त्यानंतर पतसंस्थेचे चेअरमन आले, मग एक नगरसेवक,
मग मंगल कार्यालयवाले दोघे भाऊ.
'ते शेठच्या अंगठीत आहे ना, ते आमच्याही टाक.
पण बारीक.
दिसलं पाहिजे,
दाखवलं असं वाटू नये.'

मागच्या महिन्यात बंगल्यावर फरशीचा ट्रक आला.
काळी एक, पांढरी एक.
काल अमावास्या होती.
मी समोरच्या खांबावर शिडी लावून
जुना फ्लेक्स उतरवत होतो.
चार गाड्या आत गेल्या. फाटकावरचा पितळी डोळा
दोन अर्धे होऊन उघडला,
पुन्हा एक होऊन मिटला.
दिवाणखान्याचे पडदे कोणीतरी ओढले.

बराच वेळ शिडीवरच होतो.
मला काही कोणी बोलावलं नाही.