तीन मीटर हिरवा

नकाशावर झाड काढायला मला चार सेकंद लागायचे.
एक वर्तुळ, कडेला थोडी थरथर,
वर हिरवी पेन्सिल.
साहेब म्हणायचे, फार गडद करू नका,
झेरॉक्सला काळं येतं.

नियम असा, की दुकान आणि घर यांच्यामध्ये
तीन मीटर मोकळी माती.
तीत झाडांच्या दोन ओळी, झुडपांची एक,
उंची माणसाच्या डोळ्यांहून जास्त.
म्हणजे इकडचं वाळत घातलेलं तिकडे दिसू नये
आणि तिकडचा दिवा इकडच्या झोपेत शिरू नये.
चांगला नियम.
झोप न झालेल्या कुणीतरी लिहिला असणार.

हैदराबाद रस्त्याला, विडी घरकुलाच्या अलीकडे
वळसंगे शेठचं टॉवेलचं शोरूम. मागे गोदाम,
जनरेटर, माल चढवायचा धक्का,
आणि मग भिंत,
आणि भिंतीला पाठ लावून बसलेली
नरसव्वा म्याकलची एक खोली.
मधल्या पट्ट्यात मी एकवीस वर्तुळं काढली होती.

दाखल्याच्या दिवशी गेलो, तर खरंच एकवीस झाडं!
एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत,
एका पानावर धूळ नाही.
मी टेप धरून अंतरं मोजत होतो.
पलीकडे मांडीवर सूप,
कात्रीनं पान कापता कापता ती म्हणाली,
"ओ सायेब, त्या कोपऱ्यातल्या करंजाला विचारा की,
रात्री टेम्पोत लागलं का कुठं."

वाकून बोटानं माती उकरली.
काळी पिशवी, नर्सरीची.
पिशवीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा: १४.
आणि आठवलं,
मागच्या आठवड्यात होटगी रस्त्याला
एका मंगल कार्यालयाच्या मागे
ह्याच चौदा नंबरसमोर मी बरोबरची खूण केली होती.

शेठनी ताक मागवलं.
"पाणी पाच दिवसांनी येतं, साहेब.
माणसांना पुरत नाही, झाडं कशावर जगवू?"
हीच तर अडचण.
आमच्या गावात खोटं बोलणाऱ्याकडेही
पाण्याचं एक खरं वाक्य असतंच.

मी सही केली.
ताक आधी प्यायलो की नंतर,
आता आठवत नाही.
संध्याकाळी टेम्पो आला असेल.

सहा वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाला
पुन्हा मलाच पाठवलं.
पट्ट्यात खोके, तुटका ट्रॉलीचा पाय,
टॉवेलांच्या कडांचे कापलेले दोरे,
वाऱ्यानं भिंतीशी साचलेले, पांढरे,
लांबून कुणाला गवत वाटावेत.
नरसव्वाच्या बाजूला तारेवर एक चादर,
नक्षी चुकलेली, मोराला मानच नाही,
जनरेटरच्या दिव्यासमोर ताणून बांधलेली.
आणि मोरीच्या तोंडाशी
आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्यावर
आपोआप उगवलेला कडुनिंब.
नवऱ्यानं दोनदा तोडायला काढला होता,
म्हणाली, कोयताच लपवून ठेवला.

माझ्या अर्जात रकाना होता:
पट्ट्यातील जिवंत झाडे.
टेप लावली. कडुनिंब पट्ट्याच्या बाहेर, चार फूट,
तिच्या हद्दीत,
जिथं नकाशात रंग भरायची पद्धत नाही.
मी शून्य लिहिलं.
त्या फाइलीतला तेवढाच आकडा खरा.

दुपार कलली तशी सावली भिंत चढून
शेठच्या आवारात उतरली.
वॉचमन दस्तगीर खुर्ची घेऊन तिच्यामागे सरकत होता,
थोडा थोडा, जनरेटरला वळसा घालून.

"सायेब," ती भिंतीवरून म्हणाली, 
"पाणी माझं, सावली रोज तिकडं जाते.
ह्याचं भाडं कुठल्या खिडकीत मागायचं?"

मी टेप गुंडाळत राहिलो.
ती अर्ध्यातच अडकते,
जुनी आहे.